युरोपातील बांधकाम, अर्धवेळ काम आणि आपल्या घरचा हिशेब

सभासद बंधू-भगिनींनो,

या पानावर आपण एरवी बेणे, लागण, खोडवा, ठिबक आणि खताच्या मात्रा यांबद्दल वाचता. या वेळी विषय जरा निराळा घेतला आहे, आणि तो घेण्याचे कारण आपणच आहात. अलीकडे कनेरगाव नाका परिसरात उसाची नोंद घ्यायला गेलो की नोंद बाजूला राहते आणि भलताच प्रश्न पुढे येतो. "साहेब, पोरगं युरोपात जातो म्हणायलंय. बांधकामावर. आधी अर्धवेळ काम, मंग पक्कं. ऊसबिलाच्या पोटी काही उचल मिळंल का?"

उचलीचा निर्णय संचालक मंडळाचा, तो माझ्या हाती नाही. परंतु ज्या कामासाठी उचल मागितली जाते, त्याचा जमाखर्च मांडून दाखवणे हे शेतकी खात्याच्या माणसाचे कामच आहे असे मी समजतो. एकरी खर्च काढल्याशिवाय आपण सरी पाडत नाही. मग घरच्या कर्त्या पोराला सातासमुद्रापार धाडताना हिशेब नको काय? तोच हिशेब आज मांडतो. वाचून झाल्यावर घरात ज्याला जायचे आहे, त्याच्याही हाती हे पान द्यावे, ही विनंती.

बातमी खोटी नाही

पहिल्यांदा एक गोष्ट स्पष्ट सांगतो. युरोपात बांधकामाला माणसे हवी आहेत, ही थाप नव्हे. जर्मनीसारख्या देशात म्हातारी माणसे वाढली, तरुण कमी झाले. जुने गवंडी, सुतार, वायरमन, नळकाम करणारे निवृत्त होत आहेत आणि त्यांच्या जागी यायला पुरेसे तरुण तिथे नाहीत.

म्हणूनच ५ डिसेंबर २०२२ रोजी दिल्लीत भारत आणि जर्मनी यांच्यात माणसांच्या जाण्या-येण्याबाबत करार झाला. पुढे २०२३ मध्ये जर्मनीने परदेशी कुशल कामगारांबाबतचा आपला कायदा सैल केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्याशी सामंजस्य करार केला. त्या राज्याची राजधानी स्टुटगार्ट. पहिल्या टप्प्यात १०,००० कुशल मनुष्यबळ पुरवण्याची बोलणी त्यात होती. कामांच्या यादीत परिचारिका, आचारी, वाहनचालक यांच्याबरोबर वीजतंत्री, नळकाम करणारे, सुतार, रंगारी आणि गवंडीही होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात जर्मनीने भारतातील कुशल कामगारांसाठीच्या व्हिशांची संख्या वर्षाला २०,००० वरून ९०,००० करण्याचे जाहीर केले. तिकडे रुमानिया या देशाने २०२२ ते २०२५ या काळात दर वर्षी युरोपीय संघाबाहेरच्या १,००,००० कामगारांचा कोटा ठेवला होता.

तेव्हा मागणी आहे, यात शंका नाही. पण मागणी आहे म्हणजे आपल्याच मालाला भाव मिळेल असे नसते, हे हळद आणि सोयाबीन विकणाऱ्याला मी नव्याने काय सांगावे!

आपल्या नाक्यासारखेच तीन नाके

आपले गाव शिवेवरचे. हिंगोलीहून वाशिमला निघालेला माणूस इथून मराठवाडा सोडून विदर्भात शिरतो. एके काळी पैनगंगेच्या या पट्ट्यात एका अंगाला निजामाचे राज्य आणि दुसऱ्या अंगाला इंग्रजी अमलातले वऱ्हाड होते. नाका काय असतो, हे आपल्याला शिकवायला नको. नाक्यावर माणूस गुणी आहे की नाही, हे कोणी विचारत नाही. कागद विचारतात.

युरोपच्या वाटेवर असे तीन नाके आहेत. पहिला शिक्षणाच्या दाखल्याचा, दुसरा भाषेचा आणि तिसरा पैशाचा. एजंट मंडळी फक्त चौथ्या गोष्टीबद्दल, म्हणजे विमानाच्या तिकिटाबद्दल बोलतात. तीन नाके पार झाल्यावर तिकीट काढायला कोणीही काढून देईल.

पहिला नाका : हाताचे कसब आणि दाखला

आपल्या भागातली पोरे पुण्याला, हैदराबादला, संभाजीनगरला बांधकामावर जातात. कोणी सेंट्रिंग करतो, कोणी सळई बांधतो, कोणी गिलावा, कोणी फरशी. काही तर वीस-बाविसाव्या वर्षीच मिस्त्री झालेले आहेत. त्यांचे काम मी पाहिले आहे. ओळंबा सोडून भिंत उभी केली तर केसभर फरक निघत नाही. हे कसब परदेशात चालते का? चालते. ओळंबा जगात सगळीकडे सरळ खालीच लोंबतो. गुण्या, पातळी, दोरी, थापी ही अवजारे तिकडच्या गवंड्याच्याही हाती असतात.

पण काही गोष्टी निराळ्या आहेत. आपण फूट आणि ब्रासमध्ये बोलतो, तिकडचा नकाशा मिलिमीटरमध्ये असतो आणि काम नकाशा वाचूनच करावे लागते. आपल्याकडे मुकादम तोंडी सांगतो तसे नाही. थंडी फार, म्हणून भिंतीला आतून-बाहेरून ऊब राखणारे थर द्यावे लागतात. ते काम आपल्या पोरांनी केलेले नसते. हेल्मेट, पट्टा, बूट याशिवाय परातीवर चढू देत नाहीत. ऐन हिवाळ्यात बर्फ पडला की बाहेरचे काम मंदावते. यातले सगळे शिकता येते. हुशार पोराला चार-सहा महिने पुरे.

खरी अडचण कसबाची नाही, दाखल्याची आहे. आपण बेणे घेताना काय करतो? ऊस दिसायला जाडजूड आहे म्हणून कोणाच्याही फडातले बेणे उचलत नाही. मूलभूत, पायाभूत, प्रमाणित अशी पायरी पाहतो, नऊ ते अकरा महिन्यांचे बेणेमळ्यातले बेणे मागतो. को ८६०३२ म्हणून दिलेले बेणे खरोखर को ८६०३२ आहे, याची खात्री लागते. शेजारच्या शेतातला ऊस कदाचित तितकाच चांगला असेल, पण त्याची खात्री देणारा कोणी नसतो. जर्मन सरकार आपल्या मिस्त्रीकडे याच नजरेने पाहते.

तिथला नियम असा की, सरकारमान्य असे निदान दोन वर्षांचे व्यवसाय-शिक्षण पाहिजे, किंवा पदवी पाहिजे. आता आपल्या आयटीआयकडे पाहा. वीजतंत्री, वायरमन, जोडारी, आरेखक (स्थापत्य) हे अभ्यासक्रम दोन वर्षांचे. गवंडीकाम, सुतारकाम, नळकारागीर, वेल्डर हे एक वर्षाचे. म्हणजे वीजतंत्र्याचा दाखला या नाक्यावर पहिल्या नजरेत चालण्याजोगा, आणि ज्याला आपण खरा बांधकामवाला म्हणतो त्या गवंड्याचा दाखला अपुरा. आणि जो आयटीआयला गेलाच नाही, मामाच्या हाताखाली शिकला, त्याच्याकडे तर दाखवायला काहीच नाही. हे न्यायाचे आहे का, असे कोणी विचारील. माझ्या मते नाही. पण नाका आपला नाही, त्यांचा आहे.

अनुभवाचे प्रमाणपत्र देणारे थोड्या दिवसांचे सरकारी अभ्यासक्रमही निघाले आहेत. ते जरूर करावेत, त्याने मान वाढतो. मात्र त्याने दोन वर्षांची अट भागते असे कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नये.

दुसरा नाका : भाषा

"साहेब, भिंतीला कुठं भाषा लागती?" असे एका तरुणाने मला विचारले. भिंतीला लागत नाही, पण भिंत बांधणाऱ्याला लागते. वरून विटांचा पाळणा सुटला आणि खाली कोणी जर्मनमध्ये ओरडले, तर ते कळायला हवे. आजारपणात डॉक्टरला सांगता यायला हवे. पगाराच्या चिठ्ठीवर कशाची कपात झाली, ते वाचता यायला हवे.

युरोपात भाषेच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. ए-१ ही पहिली, मग ए-२, बी-१, बी-२ आणि पुढे. ए-१ म्हणजे नाव-गाव, भाजीभाव. बी-१ म्हणजे कामापुरते नीट बोलणे-समजणे. परीक्षा पुण्या-मुंबईला मॅक्स म्युलर भवनात होतात. शासनाच्या २०२४ च्या योजनेत जिल्ह्याजिल्ह्यांत जर्मन शिकवण्याची तरतूद होती. आपल्या जिल्ह्यात सध्या वर्ग चालू आहे की नाही, याची चौकशी जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत समक्ष जाऊन करावी. कामधंदा सांभाळून बी-१ गाठायला वर्षभर तरी लागेल असे धरून चालावे. एक महिन्यात जर्मन शिकवतो म्हणणारा आणि एका पाण्यात ऊस पिकवतो म्हणणारा, दोघे सारखेच.

तिसरा नाका : पैसा, आणि अर्धवेळ कामाचा खरा अर्थ

आता ज्या अर्धवेळ कामाचा इतका बोलबाला आहे, ते काय आहे ते पाहू. जर्मनीने १ जून २०२४ पासून 'चान्सेनकार्टे' नावाचा परवाना सुरू केला. आपण त्याला संधी-पत्र म्हणू. नोकरी हाती नसतानाही एक वर्षापर्यंत तिथे राहून नोकरी शोधायची ही परवानगी. या काळात आठवड्याला २० तासांपर्यंत अर्धवेळ काम करता येते, आणि एखाद्या मालकाकडे दोन आठवड्यांपर्यंत नमुन्यादाखल पूर्णवेळ काम करून दाखवता येते. कायदा खरा आहे, सोय खरी आहे.

दोन वर्षांचे शिक्षण आणि जर्मन ए-१ किंवा इंग्रजी बी-२ या मूळ अटी. त्याशिवाय गुण मोजतात आणि निदान ६ गुण लागतात. उदाहरण घेऊ. समजा, आपल्या एका सभासदाचा २४ वर्षांचा मुलगा आयटीआयचा वीजतंत्री आहे आणि गेल्या पाच वर्षांत त्याने त्याच कामाचा दोन वर्षे अनुभव घेतला आहे. वय ३५ च्या आत, त्याचे २ गुण. अनुभवाचे २ गुण. झाले ४. जर्मन ए-२ असेल तर १ गुण, एकूण ५. नापास! तेच जर्मन बी-१ असेल तर २ गुण, एकूण ६. पास! एका पायरीचा फरक आणि सगळे अडले किंवा सगळे सुटले. भाषेचा नाका किती मोठा आहे, ते यावरून कळावे.

आता पैसा. वर्षभर तिथे पोट कसे भरणार, हे आधी दाखवावे लागते. २०२५ साली त्यासाठी महिन्याला १,०९१ युरो धरले होते. बारा महिन्यांचे झाले १३,०९२ युरो. हिशेबाला सोपे म्हणून एक युरो शंभर रुपये धरा. म्हणजे जवळजवळ १३ लाख रुपये! ही रक्कम बहुधा एका बंद खात्यात ठेवावी लागते आणि तिथे गेल्यावर महिन्याच्या महिन्याला थोडी थोडी आपल्याला परत मिळते. तिथला कोणी हमीदार असेल, किंवा अर्धवेळ कामाचा पक्का करार आधीच हाती असेल, तर त्यावरही भागू शकते. पण नाक्यावरच्या पोराला तिथला हमीदार कोण मिळणार?

आता मिळकत पाहू. २०२५ साली जर्मनीत कोणत्याही कामाची किमान मजुरी तासाला १२.८२ युरो होती. १ जानेवारी २०२६ पासून ती १३.९० झाली. २०२५ चाच आकडा घेऊ, म्हणजे खर्च आणि मिळकत एकाच वर्षाची राहील.

आठवड्याला २० तास, म्हणजे महिन्याला सरासरी ८६ ते ८७ तास. त्याला १२.८२ ने गुणा. सुमारे १,१११ युरो. हा झाला काट्यावरचा वजनाचा आकडा. आपल्या ऊसबिलातून जशी तोडणी-वाहतूक वजा होते, तशा तिकडेही विम्याच्या वगैरे कपाती असतात. खोली भाडे, किराणा, बसचा पास, आजारपणाचा सक्तीचा विमा हे सगळे त्यातून. सरकारनेच जगायला १,०९१ लागतात म्हटले आहे. मग घरी पाठवायला काय उरले? काही नाही.

हीच या लेखातली मुख्य गोष्ट आहे, ती पक्की ध्यानात ठेवावी. अर्धवेळ काम हे पक्की नोकरी सापडेपर्यंत तग धरण्यासाठी आहे. त्यातून कर्ज फिटत नाही.

आणि ते १३ लाख जर सावकाराकडून शेकडा दोन रुपये महिना दराने उचललेले असतील, तर नुसते व्याज महिन्याला २६,००० रुपये. म्हणजे २६० युरो. पोरगा तिथे पोटापुरते मिळवणार आणि इथे बाप व्याज कुठून भरणार? ऊसबिलातून. आणि ऊस वाळला, पाऊस दगा देऊन गेला, तर? मग सातबारा. नवे पान उघडायला निघालो आणि जुने पानच फाटले, अशी गत व्हायची.

मग वाटच नाही का?

आहे. पण ती सरळ आणि लांब आहे.

एक वाट शिकाऊ उमेदवारीची. जर्मनीत तिला 'आउसबिल्डुंग' म्हणतात. काही दिवस शाळेत, काही दिवस मालकाकडे काम. गवंडीकामाचा हा अभ्यासक्रम तीन वर्षांचा. फी तर नसतेच, उलट पहिल्या दिवसापासून विद्यावेतन मिळते. २०२५ मध्ये पहिल्या वर्षाचे कायद्याने ठरलेले किमान विद्यावेतन महिना ६८२ युरो होते. बांधकाम धंद्यात ते बहुधा याहून जास्त असते. तेवढ्यात भागत नसेल तर कमी पडणारी रक्कम कशी भरून काढणार, ते दाखवावे लागते. यासाठी मार्च २०२४ च्या बदलापासून उमेदवाराला आठवड्याला २० तासांपर्यंत जोडकाम करायची मुभा आहे. अट मुख्यतः दोन गोष्टींची : जर्मन बी-१ च्या आसपास आणि तिथल्या मालकाचा करार. ज्याच्याकडे आयटीआयचा दाखला नाही, पण दहावी-बारावी झालेली आहे आणि हाताला वळण आहे, त्याला ही वाट जास्त सोयीची. तीन वर्षांनी त्याच्या हाती खुद्द जर्मनीचा दाखला पडतो. मग त्याच्या कसबाबद्दल तिथे कोणी शंका घेत नाही.

दुसरी वाट थेट पूर्णवेळ नोकरीची. मार्च २०२४ पासून असा नियम झाला की, आपल्या देशात मान्य असलेले दोन वर्षांचे शिक्षण आणि गेल्या पाच वर्षांत दोन वर्षांचा अनुभव असेल, तर पुष्कळ कामांत दाखल्याची तिथे वेगळी मान्यता घ्यावी लागत नाही. मात्र पगार ठरावीक रकमेच्या वर हवा. २०२५ ला ती वर्षाला ४३,४७० युरो होती. अनुभवी वीजतंत्र्याला चांगला मालक मिळाला तर हे अशक्य नाही. आणि पगार त्याहून कमी असला, तरी दाखल्याची मान्यता चालू असतानाच कामाला लागायची एक सोय त्याच कायद्यात आहे. तिला ए-२ जर्मन लागते.

दोन्ही वाटांत १३ लाख बांधून ठेवावे लागत नाहीत, कारण मालकाचा करार आधी होतो आणि विमान नंतर. संधी-पत्रात विमान आधी आणि मालक नंतर. घरी चार पैसे शिलकी असणाऱ्याने, किंवा बी-१ च्या वर भाषा गेलेल्याने, संधी-पत्राचा विचार खुशाल करावा. जमीन गहाण ठेवून मात्र करू नये.

कागद ओळखावा कसा

मध्यंतरी एका सभासदाने असाच एक कागद गट कार्यालयात आणला होता. वर रंगीत झेंडा, खाली शिक्का. मजकूर असा : 'बांधकाम मदतनीस, अर्धवेळ, महिना दोन लाख रुपये, शिक्षणाची अट नाही, भाषेची अट नाही.' त्यासाठी साडेचार लाख मागितले होते, पैकी पन्नास हजार 'फाइल उघडण्याचे'. मुलगा सोबत होता. पुण्यात फरशीचे काम करतो, वय तेवीस.

मी कागदावर हिशेब मांडला. अर्धवेळचे महिन्याला सत्त्याऐंशी तास. दोन लाख म्हणजे दोन हजार युरो. तासाला तेवीस युरो. जर्मनीत किमान मजुरी तासाला तेरा-चौदा युरो, आणि हा शिक्षण नसलेल्या मदतनिसाला तेवीस देतो! मग पूर्ण शिकलेल्या गवंड्याला काय देत असेल?

मुलगा गप्प ऐकत होता. मग म्हणाला, "साहेब, तुमचा हिशेब बरोबर असंल. पण इथं तरी काय ठेवलंय? दिवसभर राबतो, पण पोरगी द्यायला कोणी तयार न्हाई. शेतकऱ्याचं पोरगं न् मिस्त्री, दोन्ही नापास."

याला माझ्याकडे चटकन उत्तर नव्हते. त्याचे म्हणणे खोटे नाही. गावोगाव हीच रड आहे. त्याचे वडील खाली मान घालून बसले होते. मी एवढेच म्हणालो, "बाबा, जाऊ नको असं मी म्हणत नाही. जा, पण पुढच्या दाराने जा." त्या दिवशी पन्नास हजार द्यायचे थांबले. मुलाने बारावी केलेली होती, म्हणून उमेदवारीच्या वाटेबद्दल जेवढे माहीत होते तेवढे त्याला लिहून दिले. पुढचा निर्णय त्याचा आहे.

अशा कागदाची पारख करायला काही साध्या खुणा सांगतो.

परदेशी नोकरीसाठी माणसे भरती करणाऱ्याला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे केंद्र सरकारची नोंदणी लागते. नोंदणीकृत एजंटांची यादी परराष्ट्र मंत्रालयाच्या 'ई-मायग्रेट' या संकेतस्थळावर पाहायला मिळते. नाव तिथे नसेल तर बोलणे तिथेच थांबवावे. 'मी अमक्याचा माणूस' म्हणणारा उपएजंट कायद्याला मान्य नाही.

नोंदणीकृत एजंटाला कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढेच सेवाशुल्क घेता येते. १८ टक्क्यांनी धरले तर ३५,४०० रुपये. पावती घ्यावी. याच्या पुढे कोणी लाखाची भाषा केली की समजावे, पाणी मुरते आहे.

प्रवासी व्हिशावर काम करता येत नाही. शेंगेन व्हिसा म्हणजे १८० दिवसांत ९० दिवसांची फिरण्याची परवानगी. 'आधी फिरायला जा, तिथे गेल्यावर काम लावून देतो' हे वाक्य ऐकले की उठून यावे. तसेच एका देशाचा कामाचा परवाना दुसऱ्या देशात चालत नाही. रुमानियाच्या कागदावर जर्मनीत थापी धरता येत नाही.

आणखी एक बारकावा. दहावीच्या आत शिकलेल्याला आखातातल्या वगैरे अठरा देशांत कामाला जाताना सरकारची उत्प्रवास मंजुरी लागते. त्यामुळे निघण्यापूर्वी एकदा तरी कोणी कागद तपासतो. युरोपातले देश त्या यादीत नाहीत. म्हणजे तिकडे जाताना हा सरकारी चाळणा लागत नाही. आपला चाळणा आपणच धरावा लागतो.

न धरल्यास काय होते, त्याची उदाहरणे ताजी आहेत. इटलीत काम देतो म्हणून नेलेले पंजाब-हरियाणातील १७ तरुण लिबियात अडकले, ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांना सरकारने सोडवून आणले. मदतनिसाचे काम म्हणून रशियाला नेलेल्या तरुणांना युद्धाच्या आघाडीवर धाडल्याचे प्रकरण मार्च २०२४ मध्ये सीबीआयने उघडकीस आणले. जून २०२४ मध्ये इटलीतल्या लातिना भागात शेतावर बिनकागदाने राबणाऱ्या एका भारतीय मजुराचा हात यंत्रात तुटला. त्याला दवाखान्यात न्यायचे सोडून घरापुढे टाकून दिले गेले, आणि तो दगावला. कागद नसलेला माणूस परमुलखात कोणाच्याच खातेवहीत नसतो.

हे आडसाली पीक आहे

आडसाली ऊस आपण जुलै-ऑगस्टात लावतो आणि सोळा-अठरा महिन्यांनी तोडतो. मधल्या काळात बिल येत नाही म्हणून कोणी कोवळा ऊस उपटत नाही. युरोपची तयारी ही अशीच आडसाली लागण समजावी.

पहिल्या महिन्यात मूळ कागद एका फाइलीत आणावेत : दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, आयटीआयचा दाखला, जन्माचा दाखला. सगळीकडे नाव एकसारखे आहे ना, ते पाहावे. एका कागदावर 'राव' आणि दुसऱ्यावर नुसते नाव, यावरून पुढे फार अडते. मग पासपोर्ट. त्याच वेळी जर्मनचा वर्ग. त्याच काळात जिथे काम चालू आहे, त्या ठेकेदाराकडून अनुभवाचे पत्र घ्यावे, त्यावर तारीख आणि केलेले काम स्पष्ट लिहून घ्यावे. पगार बँकेत घ्यावा, म्हणजे अनुभवाला पुरावा राहतो. वर्षात ९० दिवस बांधकामावर भरलेल्याने महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करावी. परदेशी जाणे झाले नाही तरी तिचा उपयोग इथे आहेच. जो अजून शिकतो आहे, त्याने एक वर्षाचा अभ्यासक्रम सोपा म्हणून न निवडता, हिंगोली किंवा वाशिमच्या आयटीआयमध्ये दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाची चौकशी करावी.

वर्षाअखेर भाषेची परीक्षा. ती पास झाल्यावरच मालकाचा शोध, करार आणि व्हिसा. या सगळ्यात मोठा खर्च कुठेच नाही. वर्गाची आणि परीक्षेची फी, पासपोर्ट, जाण्या-येण्याचे भाडे, एवढेच. एखाद्या पायरीवर पोरगा अडलाच, तर जर्मन शिकलेला आणि आयटीआय झालेला पोरगा घरात राहतो, जमीन जागेवर राहते. एजंटाच्या वाटेने अडला, तर पोरगाही अडकतो आणि जमीनही जाते.

घरच्या आया-बहिणींनाही सांगणे आहे. पोराला पाठवायचा निर्णय बहुतेक घरांत बाप आणि मुलगा दोघेच करतात, आणि गळ्यातले मोडायची वेळ आली की मगच आईला विचारतात. हा हिशेब चौघांनी बसून, पहिल्या दिवशीच करावा.

शेवटी एवढेच. परदेशी नोकरीची कोणतीही हमी कारखाना देत नाही, आणि शेतकी खात्याचा कोणी माणूस कोणत्याही एजंटाची शिफारस करणार नाही. तशी कोणी बतावणी केल्यास गट कार्यालयात कळवावे. मात्र असा कागद कोणाच्या घरी आला असेल, तर पैसे देण्यापूर्वी तो नोंदीच्या दिवशी घेऊन यावा. एजंटाचे नाव यादीत आहे की नाही, ते पाहू, आणि वरच्या हिशेबाला तो कागद लावून बघू. याला काही फी नाही.

खोडव्याची पाचट जाळू नये, कुजवावी, ही नेहमीची विनंती आहेच. ठिबकबद्दल पुढील अंकी सविस्तर लिहीन.

कळावे,

आपला,
ऊस विकास अधिकारी